पहिली गोळी दुरुस्त करणाऱ्याची

प्रिय आबा,

आज दुकानात मला जी शिवी मिळाली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही. म्हणून लिहायला बसले.

बारडोलीचे दलपतकाका आले होते, तुमचे ऊसवाले गिऱ्हाईक. सोबत सून हंसा आणि ती जुनी रायफल, एका वेळी एकच गोळी बसणारी. रानडुकरं ऊस फस्त करतात, आहे ती गोळी पुरत नाही. तेव्हा काडतुसाचं घर कोरून मोठं करा आणि जास्त जोराचं काडतूस बसवा, असा हट्ट. तुम्ही नाही म्हणाला होतात ना? तुमच्या मागे पोरगी ऐकेल, असा त्यांचा अंदाज!

"नळी तो जाडी छे, बेन. शुं वांधो? परवानगी हुं लई आवीश."

सगळे इथेच चुकतात. नळीची जाडी बघतात, काडतूस मागून अडवून धरणारा बोल्ट कोणी बघत नाही. मी काढून पाहिला. धक्का झेलणारी कड पार दबलेली. आत्ताच्याच गोळीला ती कशीबशी टिकतेय. जास्त जोर दिला तर बोल्टच मागे उडणार, थेट चालवणाऱ्याच्या तोंडावर.

खरं सांगू? क्षणभर मोह झाला. "बाई काय बंदूक दुरुस्त करणार!" म्हणून निम्मी गिऱ्हाइकं फिरकत नाहीत. काकांनी पाठ फिरवली तर बारडोलीकडची उरलेलीही जातील आणि तुमचं दुकान माझ्या हातून बंद पडेल.

पण तुमचा तो रिवाज! दुरुस्त झालेली बंदूक रेंजवर आधी लांबून, दोरी ओढून उडवायची, आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी दस्त्याला स्वतःचा गाल लावून तुम्ही एक गोळी झाडायचात. दोरीनं तपासलंय, मग पुन्हा कशाला, म्हणून मी वैतागले तर म्हणालात, "दोरीले गाल ऱ्हास का माय?" दोरीला गाल नसतो, म्हणे! किती राग आला होता!

काकांना मोतीबिंदू, लायसन्स आता हंसाच्या नावावर. तिनंच विचारलं, "बेन, पहेली गोळी तमे चलावशो ने?"

"नाही," मी म्हणाले. "आणि तुम्हालाही चालवू देणार नाही."

"बिलकुल एना बाप जेवी!" काका कडाडले आणि तरातरा बाहेर पडले. अगदी बापासारखी! आबा, असली शिवी मला रोज मिळो!

हंसा मात्र थांबली. रायफल माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "बोल्ट बदली आपो. गोळी जूनी ज राखजो."

कोसाडच्या आपल्या घरी सगळे नातेवाईक ओरडत होते, पोरीच्या हाती बंदुका काय देतोस म्हणून. तुम्ही मला लेथवर उभं केलंत. आज माझ्या तोंडून निघालेलं 'नाही' तुमचंच होतं. फार उपकार आहेत तुमचे.

एक तक्रार आहे. तुम्ही कधी कान झाकले नाहीत. डावा कान गेला तो गेलाच. दवाखान्यात तुमची उजवी बाजू भिंतीकडे होती, म्हणून शेवटचं जे बोलले ते मी डाव्या कानाशी बोलले. तुम्ही नुसते हसलात. ऐकूच आलं नाही ना? "आबा, तुमच्यामुळे मी उभी आहे," असं म्हणाले होते मी.

हंसाच्या रायफलची पहिली गोळी मीच झाडीन, पण दोन्ही कान झाकून. शब्द देते. उद्या माझी पोरगी मला असंच काही सांगायला वाकली, तर ते मला ऐकू यायला हवं.

तुमचीच,
सुनंदा