शिक्षणाला भक्कम पाठिंबा

ती. दशरथमामांस,

पूर्णिमाचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा आणि कांतामामींचा आवाज, दोन्ही ठणठणीत असतील अशी आशा. (मामींचा असणारच.)

आम्ही सुखरूप. धरणातून पाणी सोडलं, नदीकाठची अख्खी वस्ती बुडाली आणि सगळी कुटुंबं माझ्या शाळेत राहायला आली. म्हणजे मुलं दिवसरात्र शाळेत हजर, आणि शाळा बंद! वर्गावर्गांत संसार, फळ्यांवर चादरी वाळत घातलेल्या. मग पटांगणाच्या कडेच्या शेडमध्ये (तेवढीच जागा कोरडी) मी वर्ग सुरू केला. पावसाचा आवाज वाढला की मुलं दचकायची. मोठ्यानं पाढे म्हटले की जरा विसरायची.

काल आमच्या भागातले एक माननीय 'पूरग्रस्त बालकांच्या शिक्षणाला भक्कम पाठिंबा' द्यायला आले. पाठिंबा इतका भक्कम, की त्याला स्टेज लागलं, आणि स्टेजला कोरडी जागा हवी म्हणून कार्यकर्त्यांनी माझा वर्ग उठवला. मुलांना दप्तरं वाटली. वर साहेबांचा हसरा फोटो, आत काही नाही. (दोघांतलं साम्य माझ्या लक्षात आलं, पण मी बोलले नाही.)

मग आभार मानायला चौथीतल्या दीक्षाच्या हातात माइक दिला. तिचं घर, पुस्तकं, सगळंच वाहून गेलंय. ती म्हणाली, "साहेब, दप्तर छान आहे. पण तुम्ही आमच्या वर्गावर बसलाय. कधी उठणार?"

कार्यकर्ते माइक घ्यायला धावले. समोर कॅमेरे. मी मुलांना म्हटलं, "चला, वर येऊन बसा." सगळी चढली आणि साहेबांना घेरून सातचा पाढा सुरू झाला. साहेबांना उठताही येईना आणि बसवेना. शेवटी घाम पुसत म्हणाले, "शाळा सुरू होईपर्यंत हा वर्ग इथंच भरेल. कुणी हात लावायचा नाही!"

टाळ्या झाल्या. दीक्षा हळूच म्हणाली, "बाई, रागावलात?" मी तिला नुसतं जवळ घेतलं.

मामींना जयभीम सांगा.

तुमची भाची,
पूर्णिमा

ता. क. तुमच्या दुकानातला सोनबा टेम्पो घेऊन लोणी काळभोरला रिकामाच परत आला म्हणून त्याला बोलू नका. स्टेज तुमच्याच मंडपाच्या दुकानातलं आहे, हे मला तो ते खोलून न्यायला आला तेव्हा कळलं. वर्ग त्यावरच भरतो, तेव्हा शाळा सुरू होईपर्यंत ते इथंच राहू द्या. भाडं साहेबांकडे मागा.

आणखी एक ता. क. जमल्यास सतरंज्या पाठवा. खुर्च्या मात्र नकोत. खुर्ची दिसली की कुणीतरी पाठिंबा द्यायला येऊन बसतं.