तपकिरी पंखांची पिल्लं

रविवार, १८ जानेवारी. कल्याण.

आज ताईचं वर्षश्राद्ध झालं. गांधारीच्या घाटावर पान ठेवलं, पण कावळा काही शिवेना. भाच्याने, मंदारने, आईला सगळी वचनं देऊन पाहिली. घर विकणार नाही, बहिणीचं लग्न नीट करून देईन. कावळा कठड्यावर बसून नुसता बघत होता.

"मामा, आता तू बोल. वर्षभराचं बोलणं शिल्लक असेल तुझ्याकडे," मंदार म्हणाला.

मी नदीकडे पाहिलं. पाण्यावर हिवाळ्यात लडाखकडून येणारे कुरव पक्षी उतरले होते आणि त्यांच्यात कितीतरी तपकिरी पंखांचे. म्हणजे यंदाची पिल्लं. गेल्या हिवाळ्यात आजारी ताईला नदीकडच्या खिडकीतून तसं एकही दिसलं नव्हतं. "लडाखकडे तळ्यांचं पाणी चढलं असणार, घरटी बुडाली," हेच तिच्या मनाला लागून राहिलेलं.

मी हळूच म्हटलं, "ताई, यंदा पिल्लं भरपूर आलीत. तिकडे पाणी बेतानेच चढलं असेल."

कावळा थेट वड्यावर.

"म्हणजे आईला आमची काळजी नव्हतीच," मंदार हसत सुटला. गुरुजीही हसले.

योगायोग? असेल. पण तपकिरी पंख खरेच होते.

मंदारने डबा दिलाय. आता वडे गरम करून एकटाच जेवतो.