तुमच्या नावेवरचे हुकूम

आबा,

आज तुमचा फार राग आलाय, आणि तो आलाय एका परक्या जहाजापायी. माझी नात सुट्टीला सुरतेत, उधन्याच्या घरी आली आहे. ती क्लिंगॉन शिकते. ही भाषा कुठल्याच देशात बोलत नाहीत. पडद्यावरच्या अंतराळातल्या लढवय्यांसाठी कुणीतरी बसून बनवली. दुपारी ती वहीतली यादी वाचत होती. डूज म्हणजे जहाज. चिज म्हणजे ते वाट काढत नेणं. वेर्घ म्हणजे धक्क्याला लावणं. सुकाणू धरणाऱ्याला वेगळा शब्द, आणि सगळे घसा खरवडून बोलायचे. "नानी, आमां प्लीज-ब्लीज कंई नथी, सीधो हुकम!" मी हसून म्हणाले, तुझे पणजोबाही तापीवर नाव चालवायचे. "सच्ची? तो बोलो ने, वो क्या बोलते थे?" आणि तिनं वहीत माझ्यासाठी आणखी एक रकाना आखला.

आबा, जे जहाज कधी पाण्याला लागलंच नाही, त्याला एवढे शब्द आहेत. तुम्ही पूल होईपर्यंत खानदेशातलं अख्खं गाव अल्याडपल्याड नेलंत, आणि मला तीन हुकूम आठवले. तोंड वर धर. पानीवर सोड. कडले लाव, म्हणजे काठाला. डावीकडे वळायचं तर काय ओरडायचात? मी पेन धरून बसले आणि काही आलं नाही.

हे तीनही मला सायकलवरून ठाऊक. पूल झाला, नाव गेली, तीच तापी धरून तुम्ही खाली सुरतेला आलात आणि कापडाच्या लूमवर उभे राहिलात. सकाळी मला पुढच्या दांड्यावर बसवून शाळेत न्यायचात. हँडल माझ्याही हातात. खड्डा आला की "तोंड वर धर", उतार लागला की "पानीवर सोड", आणि मी अंग कलवायची. पानवाल्यानं सायकलचं विचारलं, तर "हाई मनी नाव शे," म्हणायचात.

मग एका संध्याकाळी लूमच्या खडखडाटासाठी कानात घातलेला कापूसही न काढता तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसलात. "आजपाईन घरमा अहिराणी बंद. पोर कॉन्व्हेंटमा शे." नियम सांगतानाच मोडलात, तरी कुणी हसलं नाही. आई भाकरी थापत होती. "मंग मी काय बोलू?" तुम्ही म्हणालात, "शिक."

ती शिकली नाही. ती गप्प झाली. आम्ही दोघं मोडकंतोडकं हिंदी-इंग्रजी बोलायचो आणि ती उलथन्यानं खुणा करायची. मी शाळेतल्या सिस्टरसारखं तोंड करून मीठ मागितलं की ती लोणचं पुढे करायची. एकटी असली की स्टोव्हशी कुजबुजायची. मी दारात आले की थांबायची. तुम्ही गेल्यावर तिच्या शेवटच्या आजारात ती मला अहिराणीत पोटातलं काय दुखतं ते सांगत होती, भराभर, साठवलेलं सगळं, आणि मला, तिच्या एकुलत्या एक मुलीला, निम्मंच समजलं. डॉक्टरांना काय सांगू? लोक म्हणतात, लेकीसाठी केलं बापानं. हो, केलंत. माझ्या आईला तिच्याच घरात मुकी केलंत. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

नातीनं विचारलं, तीन ओळींपुढे रकाना रिकामा का? मी फटकन म्हणाले, "तुझ्या पणजोबांनी दिलंच नाही काही." ती बिचारी वही माझ्याजवळच ठेवून उठली.

पण एक राहिलं. तो नियम केलात, त्याच दिवशी दुपारी तुम्ही शाळेच्या फाटकाशी मला न्यायला आला होतात. मुलींच्या गर्दीत मी अडकलेली. तुम्ही सायकल धरून मोठ्यानं ओरडलात, "कडले लाव वं, कडले लाव!" मुली खिदळल्या. कोण हा, एकीनं इंग्रजीत विचारलं. मी म्हणाले, "अवर वॉचमन." तुम्हाला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. वॉचमन मात्र उधन्यात सगळ्यांना कळतं.

घरी जाताना तुम्ही एकही हुकूम दिला नाहीत. मी दोन्ही हातांनी हँडल धरून सगळा रस्ता हुकमाची वाट बघत होते.

वही नातीला परत दिली आहे. तुम्हाला लिहिलेलं हे पान मात्र मी वहीत ठेवलेलं नाही.