जाळीखालची सहाशे चाळीस

२ मार्च, रविवार

भाजली. सगळी सहाशे चाळीस रोपं भाजली!

सकाळी अकराला मी वाफ्यावरची सावलीची जाळी सरकवली — फक्त तासाभरासाठी. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. रोपवाटिकेचे साहेब महिनाअखेरीस रोपांची उंची मोजणार, वितीपेक्षा बुटकं रोप डोंगरावर लावायला पाठवणार नाहीत. आणि आमची हळूबाई दीड वर्षात जेमतेम चार बोटं वाढलेली! (हे नाव राखणदारकाकांनी ठेवलंय. आठ वर्षांतून एकदा बी धरणारं झाड, त्याच्या पोरांना तरी वाढायची कसली घाई?) पलीकडच्या वाफ्यातली दुसऱ्या जातीची रोपं उन्हात नुसती उसळलीत, कमरेला लागतात. ती बघून मला हाव सुटली. यांनाही जरा ऊन दाखवू, म्हटलं.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन — बाबा न्हाणीघरात पडले. तशीच पळाले. दवाखाना, मनगटाला प्लास्टर, बाबांची चिडचिड. जाळी डोक्यातून पार गेली. रविवारी काका आठनंतर घरी जातात, ते संध्याकाळीच येतात. पावणेपाचला परत आले तर काका वाफ्यापाशी उभे. जाळी त्यांनी ओढून घेतली होती.

"ताई, उघडीच होती हो," म्हणाले. चेहरा उतरलेला.

मी झारी घेऊन पाणी शिंपडायला लागले.

३ मार्च, सोमवार

पानं पांढरी पडलीत. हात लावला की कागदासारखी वाजतात. सावलीत वाढलेलं पान पातळ आणि रुंद असतं — मिळेल तो उजेड गोळा करायला पसरलेलं. भर दुपारच्या उन्हापुढे त्याचा काय टिकाव लागणार? नव्या माणसांना हे मीच शिकवते. वर हसत हसत शिकवते! हात दाखवून अवलक्षण.

दहाला साहेब आले. "जाळीचं काम कुणाकडे?"

काकांकडे. सकाळी सातला उघडायची, कोवळं ऊन द्यायचं, आठच्या ठोक्याला ओढायची. दीड वर्षात एकदाही चुकलं नाही त्यांचं.

"काल आठला ओढली होती का?"

काकांनी जाळीची दोरी चाचपून पाहिली. "ओढली, असं वाटतंय साहेब. पण संध्याकाळी उघडी होती, म्हणजे..."

"म्हणजे विसरलात."

"...विसरलो असेन."

मी तीन हातांवर उभी होते. मूग गिळून!

४ मार्च, मंगळवार

उद्या सांगेन.

६ मार्च, गुरुवार

सांगितलं नाही. केबिनच्या दारापर्यंत गेले. आत कारकून बसला होता म्हणून परत फिरले. कारकून नसता तर सांगितलं असतं? कोण जाणे. वीस वर्षं इथे "बाईंना विचारा, बाईंना कळतं" असं ऐकत आलेय. ते तोंड कसं दाखवायचं?

पानं गळायला लागली. पाचशेवर रोपांना आज एकही पान नाही. नुसत्या काटक्या. साहेब म्हणाले, "शनिवारी पिशव्या रिकाम्या करून टाका. दुसरी रोपं येतायत."

पुन्हा बी मिळेल ते आणखी साडेसहा वर्षांनी. तेव्हा मी छप्पन्नची असेन. नाही, उंचीबिंचीचं आता काही वाटत नाही. जगा गं बायांनो, नुसत्या जगा!

८ मार्च, शनिवार

पिशव्या उपसायला दोन मजूर आले होते. मी एक रोप घेतलं, नखाने खोडाची साल जराशी खरवडली — आत हिरवं! दुसरं खरवडलं. हिरवं! मजूर माझ्याकडे बघतायत, बाईंना वेड लागलं की काय. वाफ्याच्या कडेने गुडघ्यावर बसत बसत साठ तरी रोपं खरवडली. बेचाळीस जिवंत.

साहेबांपुढे हात जोडले. शब्दशः जोडले! "मेलेल्यांची कसली शुश्रूषा करताय बाई?" म्हणाले. पण तीन आठवडे दिले.

वरून जाळीचा दुसरा पदर घातला. आता उन्हाचा किरणसुद्धा शिवायला नको त्यांना.

१२ मार्च, बुधवार

आगीतून फुफाट्यात! दुहेरी जाळीखाली माती वाळेचना. अठरा रोपं बुडाशी मऊ पडून आडवी झाली, वर पांढरी बुरशी. मी डोकं धरून बसले. काका मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही.

"ताई, आजारी माणसाला कुणी अंधारात कोंडतं का? पानं नाहीत तर कोंबाला तरी उजेड दिसू द्या. एक पदर काढा. पाणी निम्मं करा."

दोघांनी मिळून काढला. जाळीची घडी घालताना सांगितलं त्यांनी — बदलीचा कागद आलाय. डोंगरावरची चौकी. सहा दिवस वर राहायचं, रविवारी घरी. या वयात, त्या गुडघ्यांनी!

मी म्हटलं, "काका..." आणि घातलेली घडी पुन्हा उलगडून घालायला लागले.

त्यांना वाटलं, मला त्यांचं वाईट वाटतंय. उलट माझीच समजूत काढली! "चूक माझी आहे ताई. शिक्षा नको का?" मग कमरेचा जुडगा सोडून माझ्या हातात दिला. "दोन दिवस आहेत अजून, पण किल्ल्या तुमच्याकडेच असू द्या. माझ्या डोक्याचा भरवसा नाही आता."

१३ मार्च, गुरुवार

भरवसा नाही म्हणे. कुठल्या वाफ्यात कोणत्या तारखेला बी टाकलं ते या माणसाला पाठ आहे.

१४ मार्च, शुक्रवार

काका गेले. निरोपाचा चहा झाला. मी समोर गेले नाही, गोदामात पिशव्या मोजत बसले. त्या मोजायची काहीच गरज नव्हती.

१९ मार्च, बुधवार

फुटली!! तिसऱ्या ओळीतलं सातवं रोप. पान गळलं त्याच्या बेचक्यात मोहरीएवढा लाल ठिपका. भिंगातून पाहिला. कोंबच. शेजारी आणखी चार.

आधी काकांना सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

२२ मार्च, शनिवार

दोनशे अकरा फुटली. नवी पानं लहान आहेत, जाड, चिवट. सोसलेल्या उन्हाच्या हिशेबाने बेतून आल्यासारखी. साहेब खूश. "बाई, तुम्ही जादू केलीत!" सगळ्यांसमोर म्हणाले. टाळ्या पडल्या. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

२४ मार्च, सोमवार

काकांची छत्री इथे राहिली होती, ती न्यायला त्यांची सून आली. पाणी दिलं, बसवलं. सहज विचारलं, काका कसे आहेत.

ती आधी बरे आहेत म्हणाली. मग रडायलाच लागली.

"मामंजी बदललेत हो. काल घरी होते, तर चहासुद्धा एकट्याने करेनात. म्हणे, गॅस चालू ठेवून विसरेन. कडी लावली का, तीन-तीनदा विचारतात. नातीला बागेत न्यायचे दर रविवारी, तेही बंद. म्हणे, पोरीला तिथेच विसरून आलो तर? डॉक्टर म्हणाले काही नाही झालेलं. पण हे ऐकतच नाहीत! म्हणतात, डॉक्टरला काय ठाऊक, मी जाळी विसरलो ना — जिवंत रोपं भाजली ना माझ्या हातून!"

छत्री घेऊन ती गेली.

मला वाटत होतं, मी त्यांच्यावर आळ येऊ दिला. आळच आणला असता तर परवडलं असतं! निर्दोष माणूस निदान मनात म्हणतो, मी केलं नाही. मी तेवढंही त्यांच्याजवळ ठेवलं नाही. त्यांचं स्वतःचं डोकंच चोरलं मी. आणि ते आहे माझ्याकडे, जुडग्यासकट.

जेवले नाही. बाबांनी विचारलं तर त्यांच्यावरच खेकसले.

२५ मार्च, मंगळवार

साहेबांना सांगितलं. सगळं लिहूनच नेलं होतं, कारण बोलताना पाय मागे घेतला असता.

वाचून झालं. चष्मा काढला. "अहवाल वर गेलाय. आता कशाला उकरून काढताय? त्यांची निवृत्ती आलीच आहे. रोपं जगली. मिटलं की!" माझा कागद ड्रॉवरमध्ये सरकवला. "मी हे पाहिलेलं नाही. तुम्हीही लिहिलेलं नाही."

क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. ते लिहून ठेवते इथे. खरंच वाटलं. एवढी हलकी आहे मी.

अर्धा जिना उतरले आणि थांबले. परत वर जाऊन कागदाची प्रत कारकुनाकडे दिली, आवक नोंदवहीत चढवायला लावली, शिक्का मारून घेतला. आता साहेबांना "पाहिला नाही" म्हणता यायचं नाही. माझं काय करायचं ते करोत.

पण काकांना कागद वाचून दाखवणार कोण?

२९ मार्च, शनिवार

उद्या ते घरी असतील. जाणार. थुंकतील तोंडावर. थुंकू देत. सुनेसमोर, शेजाऱ्यांसमोर काय वाटेल ते बोलू देत. चार वाक्यं दिवसभर घोकतेय. वाफ्यात पाणी घालताना मोठ्यानेच म्हणाले एकदा.

३० मार्च, रविवार

सांगितलं. अंगणात, उभ्यानेच. अकरा वाजता मी उघडली, मी विसरले, मी गप्प बसले. मान खाली घालून उभी राहिले.

काकांनी माझा दंड धरला. घट्ट. "म्हणजे मी आठला ओढली होती?"

"हो काका."

"नक्की?"

"नक्की."

तीनदा विचारलं. मग माझ्याकडे पाठ फिरवून घरात हाक मारली, आवाज चिरकला त्यांचा — "सूनबाई! अगं, मी विसरलो नव्हतो!"