सांडव्यावरची पोती

मंगळवार, सप्टेंबर १९७४

पहाटे गावचा तलाव फुटला आणि ओढ्याकाठच्या घरासकट जाऊबाई वाहून गेल्या. दुपारी बाभळीत अडकलेल्या सापडल्या. संध्याकाळी अग्नी दिला.

सरपंच म्हणतात, देवाचा कोप! सांडव्यावर वाळूची पोती काय देवानं रचली? आज बडे पाहुणे जलपूजनाला येणार, तलाव काठोकाठ दिसायला हवा, म्हणून सरपंचांनीच जादा पाणी जायची वाट पोत्यांनी बुजवली. वर रात्रभर पाऊस. भिंत टिकणार कशी? त्याच भिंतीसाठी जाऊबाईंनी दुष्काळात मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या.

आणि दुपारी सरपंचांचा गडी हिरवी साडी घेऊन दारात. तलावाची ओटी भरायला आणलेली! म्हणाला, "मालक म्हनले, हिरवीच हाय, सवाष्णीला चालंल की."

चालंल?

मी ती त्याच्या अंगावर फेकली. "जा, पावण्यांनाच नेसवा म्हणावं!" जाऊबाईंना मी माझी लग्नातली हिरवी नेसवली.

पाहुणे काही आले नाहीत. भिंत गेली, ओढ्याकाठची घरं गेली, जाऊबाई गेल्या. सांडव्यावरची पोती मात्र तशीच आहेत. एकसुद्धा हललेलं नाही.