पलकला कुणी सांगायचं

पलासिया, इंदूर
१९ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांना अनुश्रीचा साष्टांग नमस्कार.

शुगर कशी आहे? नवा चष्मा लागला का? स्पृहाची परीक्षा सुरू झाली, ती आजोबांची आठवण काढते. आम्ही ठीक.

एकाच शहरात अन्नपूर्णा ते पलासिया असं किती ते अंतर, आणि मुलगी बापाला पत्र लिहितेय, म्हणून हसू नका. गुरुवारी तुम्ही फोन आपटलात. त्याआधी दोनदा माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. कागद मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता, चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात.

दिवाकरकाकांनी तुम्हाला सांगितलं की अनुनं पलकला तोंडावर कॅन्सर सांगितला, पोरगी बिथरली आणि नव्या औषधाची संधी गेली. त्यावर तुम्ही मला म्हणालात, "डॉक्टर झालीस, माणूस व्हायचं राहिलं." काका तुमचे रोजचे फिरायचे सोबती, पलक त्यांची नात, सगळं कबूल. पण झालं काय, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत.

पलक एकोणीस वर्षांची आहे. आईवडील देवासला, ती भंवरकुआंच्या होस्टेलमध्ये राहून दुसऱ्यांदा नीटची तयारी करत होती. ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. रिपोर्टमध्ये ल्युकेमिया निघाला. तो रिपोर्ट तिचे वडील रजत यांनी खिशात घातला आणि तिला सांगितलं, "खून की कमी है, बेटा." माझ्याकडे आणेपर्यंत पाच दिवस गेले. या आजारात पाच दिवस म्हणजे फार, ते काकांना सांगा.

माझ्याकडची ट्रायल अशी आहे: नेहमीच्या किमोबरोबर निम्म्या पेशंटना एक नवं औषध देऊन पाहायचं. कुणाला द्यायचं ते मी ठरवत नाही, चिठ्ठी टाकावी तसं कॉम्प्युटर ठरवतो. पेशंट सज्ञान असेल तर सही त्याचीच. समजावून सांगताना कॅमेरा चालू असतो.

रजतजी आत आले ते हात जोडूनच. "मॅडम, बीमारी का नाम मत लीजिए. इन्फेक्शनची नवी दवा आहे सांगा. साइन मी करतो."

"तुमची सही चालत नाही."

"मेरी बच्ची है!"

"तुमचीच आहे. पण औषध तिच्या अंगात जाणार आहे."

ते उठून बाहेर गेले. पलकची आई स्मिता तेवढी बसून राहिली.

इथे एक कबूल करते. आदल्या संध्याकाळी तुमचा फोन आला, "काकांचं ऐक, आजाराचं नाव घेऊ नकोस," तेव्हा मी चिडले, पण लगेच नाही म्हणाले नाही. मला पंधरा पेशंट हवेत, नऊ झालेत. दर सोमवारी कंपनीची मेल येते, दहावा कधी? पलकचा रिपोर्ट पाहून माझ्या मनात पहिला शब्द आला तो "दहावी". बिचारी नाही, पोर नाही. दहावी. तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

मी पलकला आत बोलावलं, कॅमेरा चालू केला आणि तिला आजाराचं नाव सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती आईकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

स्मितानं होकारार्थी मान हलवली.

"आजोबांना? होस्टेलच्या वॉर्डनला?"

पुन्हा मान हलली.

"सगळ्यांना? मी सोडून? मैं क्या कोई सामान हूँ, मम्मी?"

बाबा, बिथरणं म्हणतात ते हे असेल, तर ती बिथरली. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. दुपारभर तिनं फॉर्मचं पान न् पान वाचलं. मग विचारलं, "नवं औषध मलाच मिळेल?" म्हटलं, सांगता येत नाही. "मिळालं तर बरी होईन?" तेही सांगता येत नाही, म्हणून तर ट्रायल. "मी नाही म्हटलं तर तुम्ही मला बघणार नाही?" म्हटलं, तितक्याच नीट बघेन.

"फिर नहीं. पाच दिवस बाकीच्यांनीच ठरवलं, आता कॉम्प्युटरनं नको. जे नेहमी देता ते द्या."

मला वाईट वाटलं. माझ्या मते तिनं यायला हवं होतं. पण ते तिनं ठरवलं, आणि त्याच संध्याकाळी नेहमीची किमो सुरू केली. आज बारावा दिवस. ताप उतरलाय, रक्तातल्या खराब पेशी कमी होताहेत. पुढचं मला माहीत नाही, हे मी तिलाही सांगितलंय. काकांशी ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "आजोबा, यापुढे माझा रिपोर्ट पहिला मी वाचणार." एवढंच. याला काका "पोरगी हातची गेली" म्हणतात!

मी इतकी का भडकले, हे तुम्हाला कळलंय. म्हणूनच फोन आपटलात.

आईला तुम्ही बी-ट्वेल्व्ह कमी आहे म्हणून सांगितलंत. डोस तिला स्वतःच्या हातानं द्यायचात, गोळ्यांच्या डबीवरची चिठ्ठी नखानं खरवडून काढायचात. मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. तिचा कॅन्सरचा रिपोर्ट मी वाचला होता, तुमच्या कपाटात, तुम्हाला न विचारता. हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय.

ग्वाल्हेरच्या मंगलामावशीशी आईचा अबोला होता. फेब्रुवारीत एके दुपारी आई मला म्हणाली, "अनु, तू शिकतेस त्यातलं. खरं सांग, ग्वाल्हेरला आत्ता जाऊन येऊ, की बरं वाटल्यावर, उन्हाळ्यानंतर?"

मी म्हणाले, "उन्हाळ्यानंतर जा."

एप्रिलमध्ये आईच गेली. मावशी तेराव्याला आली. दारातच उभी राहून तिनं विचारलं, "मला कुणी कळवलं का नाही?" तुम्ही म्हणालात, "अचानक झालं." मी शेजारी उभी होते.

चोवीस वर्षं मी सगळा राग तुमच्यावर काढला, कारण तुमचं खोटं मला माहीत होतं आणि माझं तुम्हाला नव्हतं. तुमची चूक त्यामुळे लहान होत नाही. आईला जायचं होतं आणि आपण दोघांनी तिला जाऊ दिलं नाही.

मावशी आता एक्क्याऐंशीची आहे. शनिवारी मी ग्वाल्हेरला जातेय, तिच्यासमोर बसून सांगायला. तुम्ही येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, नसाल तर मी एकटी जाईन. अचानक झालं, असं मात्र पुन्हा म्हणू नका, तिलाही नाही आणि मलाही नाही.

अजून रागावलेली, आणि चोवीस वर्षं गप्प राहिलेली, तुमची
अनु