पेशींच्या काठावरची लव

मंगळवार, संध्याकाळ. माणिकपूर.

ती लव डोळ्यांसमोरून हलतच नाही. मनवेलपाड्याच्या त्या कॉलेजातल्या मुलीच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीजवळची, आमच्या लॅबमध्ये तपासायला आलेली पाण्याची गाठ. स्लाइडवर नुसते चपट्या पेशींचे थर दिसले आणि लॅबचे प्रमुख सर म्हणाले, "ट्यूमरच आहे, रिपोर्ट देऊन टाक." मला का पटेना? हट्टाने गाठीचा मेणात बसवलेला तुकडा आणखी खोल कापून घेतला. शेवटच्या स्लाइडवर, अगदी कोपऱ्यात, उंच पेशींची एक रांग आणि त्यांच्या काठावर ती बारीक लव! अशी लव त्या ट्यूमरमध्ये सहसा नसते; म्हणजे जन्मापासूनची साधी गाठ. बाकीच्या तपासण्याही जुळल्या. पोरीला रेडिएशन नको!

सर बराच वेळ मायक्रोस्कोपमधून ती लव बघत राहिले. मग म्हणाले, "रिपोर्टवर सही तू कर."

एरवी माझी सही म्हणजे नुसती गिचमिड. आज सावकाश पूर्ण नाव लिहिलं.